‘एक प्रत पुरे’ म्हणणाऱ्यांस

मराठीच्या अध्यापकवर्गात एक मत आता इतके रूढ झाले आहे की ते कोणी मांडतही नाही, केवळ पाळतो. मत असे की, आधुनिक साहित्यकृतीची बाजारात मिळणारी एक ताजी आवृत्ती हाताशी असली की शिकवण्याचे आणि संशोधनाचे काम भागते. त्याच पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्या शोधीत हिंडणे, दोन प्रतींची पाने शेजारी ठेवून कुठे काय बदलले ते टिपणे, मुद्रणस्थळ आणि किंमत वहीत उतरवून ठेवणे हा रिकामटेकड्यांचा छंद होय. एका चर्चासत्रात तर या उद्योगाला ‘रद्दीवाल्याची विद्या’ असे नाव मिळाले आणि सभागृह हसले. आम्ही बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवणारी काही माणसे ही विद्या अनेक वर्षे करीत आलो आहोत. नाव आम्हाला मान्य आहे. त्यामागचा तुच्छभाव मात्र मान्य नाही, आणि तो अज्ञानातून आलेला आहे असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

हेटाळणी करायचीच तर छंदाचे टोकाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची लहान रंगीत कार्डे वाटली गेली. संग्राहक त्या संचाला ‘टी-२०६’ म्हणतात. संच छापला जात असतानाच काही खेळाडूंच्या बदल्या झाल्या. रे डेमिट आणि बिल ओहारा हे दोघे न्यूयॉर्कच्या संघांतून सेंट लुइसच्या संघांत गेले. छापखान्याने त्यांची कार्डे नव्या गावाच्या नावाने पुन्हा काढली, पण ती फार थोडी निघाली, आणि आज ती एकाच तंबाखूची जाहिरात पाठीवर असलेली सापडतात. खेळाडू तोच, बदलले ते गावाचे नाव. तरी संग्राहक ही दोन्ही कार्डे स्वतंत्र मानतो, दोन्ही मिळेपर्यंत संच पुरा झाला असे म्हणत नाही. पुढे १९५९च्या ‘टॉप्स’ कंपनीच्या संचातही असेच झाले. काही कार्डांच्या पाठीवर खेळाडूच्या बदलीची एक ओळ काही प्रतींत आहे, काहींत नाही. १९७४ मध्ये सॅन दिएगोचा संघ वॉशिंग्टनला जाणार असे गृहीत धरून त्याच्या काही खेळाडूंची कार्डे वॉशिंग्टनच्या नावाने छापली गेली. संघ विकत घेणाऱ्याने तो सॅन दिएगोतच ठेवला. न झालेल्या स्थलांतराचा पुरावा म्हणून ती कार्डे उरली.

एका ओळीसाठी एवढा खटाटोप! हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु ही एक ओळ आहे की नाही हे ज्या समाजात कोणी तरी पाहतो, त्या समाजात ते कार्ड कोणत्या महिन्यात छापले गेले, छापखान्याला बातमी केव्हा कळली, कोणता गठ्ठा कोणत्या पाकिटांत गेला, हे सारे शंभर वर्षांनंतरही सांगता येते. ‘टी-२०६’ हे नाव देणारा जेफरसन बर्डिक हा सिराक्यूज गावच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातला कामगार होता. त्याने छापील कार्डांची सूची केली, तीन लाखांहून अधिक वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिल्या, आणि संधिवाताने बोटे आखडली असतानाही वर्षानुवर्षे तिथे जाऊन त्या स्वतः वह्यांत चिकटवल्या. ते काम १९६३च्या जानेवारीत संपले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये तो वारला. पदवीधर चर्चासत्रांत त्याला कोणी बोलावले असते असे वाटत नाही.

या छंदाची दुसरी बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. त्याच संचातले होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. अशा सौद्यांत विद्या फारशी उरत नाही. आपल्याकडेही पहिली आवृत्ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिजोरीत ठेवणारे, अभ्यासकाला ती उघडूही न देणारे संग्राहक आहेत. त्यांचे समर्थन आम्ही करणार नाही. न वाचले जाणारे पुस्तक आणि रद्दीत गेलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. आमचा पक्ष आहे तो एका ओळीचा फरक टिपून ठेवणाऱ्याचा.

आता मराठीकडे येऊ. बदली झालेल्या खेळाडूसारखी बदली झालेली पुस्तके आमच्याकडे थोडी नाहीत. ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलरकडे गेली. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त आले, पुढचे छापायला लोखंडे यांनी नकार दिला, आणि पूर्ण ग्रंथ जोतीरावांच्या हयातीत छापून निघाला नाही. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कवितांचे पुस्तक त्यांनी पाहिलेच नाही. ते हरिभाऊ आपट्यांनी नंतर सिद्ध केले. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला तो १९४७च्या ‘काही कविता’ या पुस्तकावरून. पण वर्गात तो खटला शिकवताना अध्यापकाच्या हातात असते १९५९ नंतरची ‘मर्ढेकरांची कविता’. ज्या वस्तूवर आरोप ठेवला गेला ती वस्तू वर्गात नाहीच, आणि ती नाही याची खंतही नाही. ‘कोसला’च्या प्रारंभीच्या स्वागतावर प्रबंध लिहिणारा संशोधक संदर्भसूचीत अलीकडची आवृत्ती नोंदवतो, आणि मार्गदर्शक त्यावर सही करतो. १९६३च्या समीक्षकाने दिलेला पृष्ठांक त्याच्या प्रतीत जुळत नाही तेव्हा तो पृष्ठांकच गाळतो. असे प्रबंध आम्ही तपासले आहेत.

या वृत्तीचे समर्थन दोन युक्तिवादांनी केले जाते. पहिला असा की, पाठचिकित्सा हे मध्ययुगीन साहित्याचे शास्त्र आहे. पोथ्या हाताने उतरवल्या जात, नकलनविसाच्या चुका होत, म्हणून पाठभेद उद्भवत. मुद्रणाने हा प्रश्न मिटवला.

मिटवला नाही. छापखान्याने चुका करण्याचा वेग वाढवला एवढेच. शिवाय मराठीत तर १९६२ साली सगळ्याच मुद्रित साहित्यावरून एक मोठा नांगर फिरला. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले. शिक्षणाच्या सोयीसाठी ते गेले याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु १९६२पूर्वीचे पुस्तक त्यानंतर पुन्हा छापताना प्रत्येक प्रकाशकाने ते अनुस्वार पुसले, आणि असे करताना ‘पुनर्मुद्रण’ एवढाच शब्द घातला. ‘ते आले’ हे पुल्लिंगी अनेकवचन, ‘तें आलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, आणि ‘मी आलें’ हे बोलणाऱ्या स्त्रीचे वाक्य. या तीन रूपांपैकी दोन एका टिंबाने पहिल्यापासून वेगळी होत. टिंब गेल्यावर तिन्ही ‘आले’ झाली. गद्यात संदर्भाने अर्थ लागतो. कवितेत, जिथे कर्ता दोन ओळी मागे राहिलेला असतो किंवा मुद्दाम लपवलेला असतो, तिथे कोण आले हा प्रश्न उरतो, आणि विद्यार्थी त्याचे उत्तर कल्पनेने देतो. आम्ही त्याला ‘आस्वादाची अनेक शक्यता’ असे गोंडस नाव देतो. जुनी प्रत समोर असती तर त्यांतल्या निम्म्या शक्यता एका टिंबाने संपल्या असत्या.

दुसरी गोष्ट आमच्या विरोधकांना अधिक अडचणीची आहे. मध्ययुगीन मराठीने पाठभेदांना दोष मानलेच नव्हते. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत हरवली, तेव्हा हिराइसा आणि इतरांच्या स्मरणावरून ते पुन्हा उभे केले गेले. एकाचे स्मरण दुसऱ्याशी जुळेना. महानुभावांनी काय केले? एक खरे ठरवून बाकीचे जाळले नाहीत. लीळेच्या आतच त्यांनी दुसऱ्याचे म्हणणे ‘वासना’ म्हणून नोंदवले, कधी ‘शोधु’ म्हणून पुढे जोडले. कोणाचे स्मरण कोणते, हे नावानिशी सांगितले. गुरूच्या तोंडचा शब्द हरवू नये ही त्यामागची तळमळ होती, आणि तो शब्द नेमका कोणता हे ठाऊक नसताना आपल्याला ठाऊक आहे असे न भासवण्याचा प्रामाणिकपणाही. सातशे वर्षांपूर्वी ज्या भाषेत हे भान होते, तिच्या विद्यापीठीय विभागांत आज ‘कोणतीही प्रत चालेल’ असे म्हटले जाते!

आणि हे आम्ही बुलढाण्यातून लिहीत असल्यामुळे आणखी एक गोष्ट नोंदवतो. लीळाचरित्राच्या या पाठांच्या जंजाळात ज्यांनी आयुष्य घातले ते वि. भि. कोलते मलकापूरजवळच्या नरवेलचे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, भोपाळच्या १९६७च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण खरे काम पोथ्यांचे. त्यांचे लीळाचरित्र १९७८ मध्ये साहित्य संस्कृती मंडळाने काढले, आणि त्यातल्या मजकुरावरून मोठा वाद पेटला. पाठ कोणता छापावा हा प्रश्न विद्वानांच्या करमणुकीचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो वाद आठवावा. त्यांच्याच जिल्ह्यातली महाविद्यालये आज त्यांची जयंती साजरी करतात आणि जुनी पुस्तके किलोवर घालतात.

हे आलंकारिक बोलणे नव्हे. आमच्या ओळखीच्या एका महाविद्यालयात मूल्यांकन समिती येणार म्हणून ग्रंथालयाचे ‘निर्लेखन’ झाले. निर्लेखनाचा निकष साधा होता. ज्या पुस्तकाची नवी आवृत्ती कपाटात आहे त्याची जुनी काढावी, शिवण सुटलेली काढावी, दहा वर्षांत न दिलेली काढावी. तिन्ही निकषांवर नेमकी जुनी आवृत्तीच पकडली जाते. नव्या आवृत्तीमुळे जुनी न दिली जाणे ओघानेच येते, आणि न दिली गेल्यामुळे ती काढली जाते. पोती भरली, वजन झाले, पावती फाडली. त्या पोत्यांतल्या काही पुस्तकांवर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे जुन्या शाळाखात्याचे शिक्के होते. हे शिक्केसुद्धा पुरावा असतात. आमचा जिल्हाच बदली झालेला खेळाडू आहे. निजामाचा वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात राहिला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बालभारती १९६७ची. तोवर इथल्या मुलाने कोणते मराठी वाचले आणि पुण्याच्या मुलाने कोणते, हा फरक त्या शिक्क्यांच्या पुस्तकांतूनच कळणार होता. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचे ‘नवनीत’ १८५४ पासून किती पिढ्यांनी वाचले! पण कोणत्या आवृत्तीत कोणता कवी होता, कोणता वगळला गेला, हे एका प्रतीवरून कसे सांगणार?

दुसरा युक्तिवाद वरवर अधिक वजनदार आहे. लेखकाने शेवटी जे मान्य केले तेच त्याचे साहित्य, आधीचे टाकाऊ मसुदे, असे त्यात म्हटले जाते. लेखकाच्या इच्छेचा मान राखावा हे आम्हालाही पटते. परंतु शेवटच्या आवृत्तीतला बदल लेखकाचाच आहे हे कशावरून? मुद्रितशोधकाचा असेल, वारसाचा असेल, फॉर्मांची संख्या जुळवणाऱ्या प्रकाशकाचा असेल. हे ठरवायला आधीची आवृत्तीच लागते. म्हणजे ज्या तत्त्वाच्या आधारे जुनी प्रत टाकून द्यायची, ते तत्त्व पाळण्यासाठीच जुनी प्रत हवी!

आणि काही कृती अशा असतात की त्यांचे ‘शेवटचे’ रूप कोणते तेच सांगता येत नाही. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ घ्या. जी. एन. जोशींच्या आवाजात ती १९३०च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताची सुरुवात तिथून मोजली जाऊ लागली. त्याच नावाचा संग्रह निघाला १९५४ मध्ये. मधली वीस वर्षे महाराष्ट्राला ही कविता कानाने ठाऊक होती. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. गायक तीत मावेल तेवढे घेतो, ओळ पुन्हा म्हणतो, ध्रुपद पक्के करतो. मग १९५४च्या वाचकाने पानावर जे वाचले ते त्याने ऐकलेले होते काय? कवी वकिली करीत मेहकरातच राहिले. ‘अभिसार’ १९६३ मध्ये आला, ‘खूणगाठी’ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्यावर लेख पुष्कळ निघाले. परंतु तबकडीवरची ‘शीळ’, पहिल्या संग्रहातली ‘शीळ’ आणि पुढच्या निवडक संग्रहांतली व पाठ्यपुस्तकांतली ‘शीळ’ यांची ओळीला ओळ लावून तुलना आमच्या पाहण्यात आलेली नाही. भावकाव्याची ‘नादमयता’ या शीर्षकाचे निबंध मात्र दरसाल तपासावे लागतात.

कोणी म्हणेल, आता सारे संगणकावर आले आहे, जुन्या पुस्तकांच्या प्रतिमा घरबसल्या उतरवता येतात. येतात, आणि आम्ही त्या उतरवतो, त्या कामाचे ऋणही मानतो. पण प्रतिमा एका प्रतीची असते. ती कोणत्या आवृत्तीची आहे हे अनेकदा सांगता येत नाही, कारण मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि जाहिरातींची पाने बिनकामाची समजून घेतलेलीच नसतात. कार्डाची पाठ न पाहता कार्ड नोंदवण्यासारखे हे झाले. ‘टी-२०६’मध्ये सारी मेख पाठीवरच्या जाहिरातीत आहे. मराठी पुस्तकांतही प्रकाशकाची ‘आगामी’ पुस्तकांची यादी पाहून न छापलेले मुद्रणवर्ष पुष्कळदा ओळखता येते.

शेवटी ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे इथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापली गेली, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. त्यानंतर हे पुस्तक मराठीच्या स्मरणातून जवळजवळ नाहीसे झाले. वाङ्मयेतिहास लिहिले गेले, स्त्रीसुधारणेवर ग्रंथ झाले, आणि बुलढाण्याच्या या बाईचे नाव त्यांत नव्हते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज एकही अभ्यासक्रम तिच्यावाचून पुरा होत नाही. पाचशेतली एखादी प्रत त्र्याण्णव वर्षे कोणी तरी वाळवी, पाऊस आणि घरातल्या आवराआवरीपासून वाचवली होती, म्हणून हे शक्य झाले. ठेवणाऱ्याने ती वाचली होती की नाही, कोण जाणे. त्याच्या काळच्या अध्यापकांच्या लेखी तो रद्दीच सांभाळत होता.

प्रतींची संख्या आणि किंमत यांच्या नोंदी होत, त्याचेही श्रेय अशाच एका रुक्ष व्यवस्थेला आहे. १८६७च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारात होई, तिमाही याद्या निघत. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची दोन खंडांची सूची केली ती अशाच चिकाटीने. बर्डिकच्या सूचीशेजारी ठेवावी अशी ती आहे, आणि किती मराठी विभागांत ती उघडली जाते हे आम्ही विचारत नाही. तो १८६७चा कायदा आता गेला. २०२३च्या नव्या कायद्यात नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत. याचा अर्थ नोंदीचा भार यापुढे सरकारापेक्षा ग्रंथालयांवर आणि आमच्यासारख्या रद्दीवाल्यांवर अधिक पडणार.

तेव्हा अध्यापकमित्रांना आमचे सांगणे थोडके आहे. या सत्रात ‘स्त्रीपुरुषतुलना’ शिकवताना विद्यार्थ्यांच्या हातांत जी पुस्तिका असेल ती मागून घ्यावी. तिच्यातले शुद्धलेखन १८८२चे आहे की १९६२ नंतरचे, परिच्छेद ताराबाईंचे आहेत की संपादकाचे, मालशांची प्रस्तावना आहे की गाळली आहे, हे विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यावे. दोन प्रकाशनांच्या प्रती मिळाल्या तर एकेका पानाचे वाचन शेजारी बसून करवावे. एका तासिकेचे काम आहे. आणि खामगाव, मेहकर, चिखली, मलकापूर इथल्या जुन्या वाचनालयांतून निर्लेखनाची यादी लागली की विक्रीआधी ती आम्हाला दाखवावी. वजनाचा भाव आम्ही देऊ. १९५४ची ‘शीळ’ त्यात असेल तर भावाची घासाघीसही करणार नाही.